ईरम्मा विचारायला शिकली

वैरागपासून अफझलपूरपर्यंतच्या कापडदुकानदारांना ईरम्माचा आवाज माहीत होता. चेहरा फार थोड्यांनी पाहिला होता. सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत बसलिंगप्पा मालकांचा शाळेचे गणवेश शिवणारा कारखाना होता. त्याच्या पुढच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून, ती फोनपाशी बसायची. ऑर्डर घेणं हे तिचं काम. मराठी गिऱ्हाइकाशी मराठीत, कन्नड गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये, आणि आत मशीनवर बसलेल्या बायकांशी मोडक्या तेलुगूत. शहराबाहेरच्या कुंभारी गावात सून म्हणून आली तेव्हा तिला फोनवर बोलायची भीती वाटायची. नंतर त्याच फोनच्या शेजारी तिचे केस पिकले.

फोन वाजला की पलीकडच्या माणसाच्या नुसत्या खाकरण्यावरून ती त्याचं नाव घ्यायची. मग पाऊसपाणी, पोरांच्या परीक्षा, कुणाचं लग्न कुठं ठरलं, आणि हे सगळं झाल्यावर शेवटी एक वाक्य यायचं.

"मग ईराक्का, मागच्यासारखंच."

"मागच्यासारखंच, शेठ," असं म्हणून ती फोन ठेवायची. ऑर्डर झाली.

त्या धंद्यातली ही रीत होती. जुन्या गिऱ्हाइकाला 'मागचं म्हणजे काय' असं उलट विचारायचं नाही. विचारलं तर त्याला वाटणार, हे आपल्याला विसरले. नव्या गिऱ्हाइकाला रंग विचारायचा, मापं विचारायची, बाह्या अर्ध्या की पूर्ण ते विचारायचं. पण जुना झाला की तो विचारण्याच्या पलीकडे गेला, घरचा झाला. बसलिंगप्पा मालकांनी तिला सुरुवातीलाच बजावलं होतं, "गिऱ्हाइकाच्या मनातलं आपल्याला ठाऊक पाहिजे बघ. विचारायला लागलो की आपण परके." ईरम्माने ते मनाला लावून घेतलं. आपल्याला ठाऊक आहे, याचा तिला एक शांत अभिमान होता. तो ती कुणाला दाखवत नसे, पण साडीच्या आतल्या पदरासारखा तो कायम अंगाशी असायचा.

मग मालक थकले. मुलगा पुण्यात रमला होता, त्याला शिलाईच्या धंद्यात रस नव्हता. मशिनी विकल्या गेल्या, जागा कुणीतरी कोचिंग क्लाससाठी घेतली. शेवटच्या दिवशी मालकांनी सगळ्यांना गव्हाची गोड हुग्गी खाऊ घातली आणि वाढायला स्वतः उभे राहिले. ईरम्माच्या ताटात दुसऱ्यांदा वाढताना ते एवढंच म्हणाले, "तुझ्या आवाजावर कारखाना चालला, ईरम्मा." ती मान खाली घालून जेवत राहिली. आवाज आता कुठं न्यायचा, हे तिला कळत नव्हतं.

कुंभारीच्या घरात नवरा गुरू आणि ती. गुरू मालवाहू टेम्पो चालवायचा. कारखान्यांचे गठ्ठे वाहून तो घर चालवत आला होता, आणि आता एकेक कारखाना आवरत चालला तशी टेम्पोची चाकं दारातच थांबू लागली. नोकरी गेल्यावर पहिले काही दिवस तिने घर धुऊन काढलं. मग धुण्यासारखं काही उरलं नाही. मोबाइल वाजला की ती धावत यायची. बहुतेक वेळा विम्याचा फोन असायचा. ज्या आवाजाला कुणी ऑर्डर देत नाही तो आवाज कसला, असं तिला वाटायला लागलं. ती दिवसेंदिवस कमी बोलू लागली. काळजीने गुरू जास्त बोलू लागला.

काम शोधत ती अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत इंद्रजीतच्या कारखान्यात गेली. इंद्रजीत तिशीतला, बार्शीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, गणवेशाच्याच धंद्यात नवा उतरलेला. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं.

"काकू, ऑर्डरी आता फोनवर येत नाहीत. व्हॉट्सअॅपवर येतात, आवाजाच्या मेसेजमध्ये. रात्री-बेरात्री, तीन-तीन भाषांत. ते सगळं एआयकडून उतरवून घ्यायचं, त्याचा तक्ता करायचा आणि कटिंगला द्यायचा. आमची दानेश्वरी करती, पण तिला कन्नड येत नाही आणि हंगामात ती एकटी पुरणार पण नाही. तुम्हाला येतं का ते?"

"नाय," ईरम्मा म्हणाली. हा शब्द उच्चारताना तिच्या कानशिलांना झळ लागली.

"मग शिकून घ्या की. हंगामाच्या आत मला माणूस लागणारच हाय. तोवर कुणी पक्कं मिळालं नाही, तर तुम्हाला एकदा बसवून बघतो."

त्याच्या बोलण्यात कुठंही टोचणं नव्हतं. परतताना रिक्षात बसल्यावर तिला हेच जास्त लागलं. टोचलं असतं तर तिला रागावता आलं असतं.

शिकायचं कुठं, हे गुरूने शोधून काढलं. गावातल्या मठाच्या सभागृहात संध्याकाळी उत्कर्षा नावाची एक मुलगी फुकट वर्ग घ्यायची. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची आणि आठवड्यातल्या काही संध्याकाळी इथं येऊन, ज्याला नोकरीसाठी लागेल त्याला एआय वापरायला शिकवायची. वर्गात बहुतेक सगळी कॉलेजातली मुलं. ईरम्मा दारात थबकली. उत्कर्षाने फळ्यावरून वळून पाहिलं आणि म्हणाली, "या काकू, पंख्याखाली जागा हाय."

पहिल्या दिवशी ईरम्माला वाटलं होतं, आता इंग्रजी सुरू होणार. पण उत्कर्षाने सगळ्यांना विचारलं, "तुम्ही रोज काय काम करता, किंवा करत होता? तेच सांगा. मशीनला नाही, मला." कुणी म्हणालं मेडिकलच्या दुकानात बसतो, कुणी म्हणालं काहीच करत नाही. ईरम्माची पाळी आली तेव्हा तिने फोन, गिऱ्हाइकं, मापं, शाळांचे रंग असं सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज त्या खोलीत मोठा होत गेला आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

"झालं की मग," उत्कर्षा म्हणाली. "काम तुम्हाला येतंय. आता ते दुसऱ्याकडून करून घ्यायला शिकायचं, एवढंच हाय."

त्या मशीनला वर्गातली मुलं 'तो' म्हणायची. ईरम्मा मनातल्या मनात 'पोरगी' म्हणू लागली. कारखान्यात नवीन पोरगी कामाला लागावी तसंच हे होतं. हात चलाख, उत्साह दांडगा, सांगेल ते मुकाट्याने करणार. फक्त नीट सांगावं लागतं. 'ऑर्डरीचा तक्ता कर' म्हटलं तर ती तिच्या मनाचा तक्ता करते. 'पहिल्या रकान्यात शाळेचं नाव, दुसऱ्यात कपडा, तिसऱ्यात माप' असं म्हटलं तर हवा तसा करते. एक तयार तक्ता नमुना म्हणून पुढ्यात ठेवला तर आणखी नीट. गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर तिच्या हाती द्यायचे नाहीत, त्यांच्या जागी नुसते आकडे टाकायचे, हेही उत्कर्षाने शिकवलं. "दुसऱ्याच्या घरातली गोष्ट गावभर करता का तुम्ही?" असं तिने वर्गाला विचारलं तेव्हा मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "आमची आई करती की, मॅडम." वर्ग हसला. ईरम्माही हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे तिचा जबडा दुखला.

काही आठवड्यांनी उत्कर्षा म्हणाली, "आता खोटं काम पुरे. खरं काम आणा."

खरं काम जवळच होतं. कुंभारीत काशम्मा नावाच्या बाईने घराच्या पडवीत चार-सहा शिलाई मशिनी टाकल्या होत्या. बसलिंगप्पा मालकांची जुनी गिऱ्हाइकं अधूनमधून ईरम्मालाच फोन करून विचारायची, आता माल कुठनं घ्यायचा? ईरम्माने त्यांतली दोन-तीन छोटी गिऱ्हाइकं काशम्माला जोडून दिली. ते आवाजाचे मेसेज पाठवणार, ईरम्मा त्यांचा तक्ता करून काशम्माला देणार.

वैरागच्या मानसिंगदादांचा मेसेज त्यातच आला. मानसिंगदादांचं कापडाचं दुकान, गावातल्या शाळेचे गणवेश वर्षानुवर्षं त्यांच्याकडंच. मेसेज छोटा होता. "ईराक्का, मागच्यासारखंच धाडा. पोरींचं वाईच जास्ती धरा औंदा."

ईरम्माने तो मेसेज बाकीच्या दोन ऑर्डरींबरोबर पोरगीच्या हाती दिला. क्षणात तक्ता आला. सुंदर तक्ता. शर्ट आकाशी, पँट निळी, मुलींना निळे बिनबाह्यांचे फ्रॉक, मापवार आकडे, मुलींचे जरा जास्त धरलेले. एकही रकाना रिकामा नव्हता. ईरम्मा त्या तक्त्याकडे बराच वेळ बघत राहिली. मागच्या वर्षी असंच होतं का? असंच असणार. एवढ्या ठामपणे लिहिलंय म्हणजे असंच असणार. आपल्यालाही असंच आठवतंय की. तिने तो तक्ता काशम्माला पाठवला आणि त्या संध्याकाळी घरी येऊन गुरूला म्हणाली, "जमलं बघा मला."

काशम्माने कापड कापलं. पहिला फ्रॉक शिवून झाल्यावर तिने हौसेने त्याचा फोटो मानसिंगदादांना पाठवला. लगेच ईरम्माचा फोन वाजला.

"ईराक्का, ह्ये काय धाडलंय?"

"फ्रॉक, दादा. तुमच्या शाळेचा."

"आमच्या शाळंत फ्रॉक कुटं हाय? आवो, पोरी सलवार-कुडतं घालत्यात! चौकड्याचं! तुमी काय तंद्रीत व्हता का?"

पडवीत कापून ठेवलेल्या निळ्या कापडाची थप्पी ईरम्माच्या डोळ्यांसमोर आली. ती म्हणाली, "चुकलं, दादा. पण तुम्ही मागच्यासारखं म्हणालात... चौकड्या कोणत्या रंगाच्या होत्या?"

मानसिंगदादा आठवू लागले.

"हिरव्या," मानसिंगदादा म्हणाले. मग, "का लाल?" मग जरा दूर कुणाला तरी ओरडून, "आगं, शाळंच्या पोरींच्या चौकड्या कंच्या?" आणि परत फोनवर येऊन, आवाज एकदम उतरवून, "ईराक्का, खरं सांगू का? मला बी म्हायती न्हाय. मी कशाला ध्यानात ठिवतोय? मी म्हनायचो मागच्यासारखं, आन् तुमी धाडायचा बरोबर. मला वाटायचं तुमाला समदं ठावं हाय."

"मला पण तसंच वाटायचं," ईरम्मा म्हणाली.

मानसिंगदादा हसायला लागले. ईरम्माला हसू आलं नाही. पण त्या माणसाने त्या दिवशी जे केलं ते ती पुढे कधी विसरली नाही. ते म्हणाले, "कापलंय तेवढं शिवून घ्या. पल्याडच्या गावात शाळंला निळा फ्रॉकच लागतोय, तितल्या दुकानदाराशी मी बोलतो. आन् आमच्या शाळंत जाऊन पोरींचं एक कुडतं मागून आनतो, त्येचा फोटो धाडतो. पर एक हाय. पुढच्या टायमाला इचारत जावा की. इचारल्यानं काय बिघडतंय?"

विचारल्याने काय बिघडतं, हा प्रश्न तिने स्वतःला कधी केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच बिरुदेवकडे गेली. बिरुदेव म्हणजे मालकांच्या कारखान्यातले कटिंग मास्तर. आता ते मुलाच्या पानपट्टीत बसायचे. तिने विचारलं, "मास्तर, वैरागच्या पोरींचं कुडतं कसं होतं, आठवतंय का?"

बिरुदेवनी पानाला चुना लावता लावता मान हलवली. "मला कुटं आठवायला? आपल्या भिंतीवर फर्मा टांगलेला असायचा की. पुठ्ठ्याचा, कापायच्या मापाचा. त्याच्यावर शाळेचं नाव, आणि खिळ्याला कापडाचा तुकडा. तू वैराग म्हणायचीस, मी वैरागचा फर्मा काढायचो. रंगाचं गोडाऊनवाल्याला ठाऊक. बटणाचं त्या बटणवाल्या बाईला. मला नुसतं कापायचं ठाऊक."

ईरम्मा तिथंच पानपट्टीच्या बाकड्यावर बसली. तिला आतापर्यंत वाटत आलं होतं की ते सगळं तिच्या डोक्यात आहे. डोक्यात काय होतं? नावं होती, आवाज होते. बाकीचं भिंतीवर होतं, खिळ्याला होतं, मास्तरांच्या कात्रीत, बटणं लावणाऱ्या बाईच्या बोटांत. ती फोनवर 'मागच्यासारखंच' म्हणायची आणि आत इतकी माणसं तो शब्द खरा करून दाखवायची. एकाही माणसाने कधी पुढच्या खोलीत येऊन म्हटलं नव्हतं, की ईरम्मा, हे तुझं नाही. ते तिचं आहे असं तिला खुशाल वाटू दिलं होतं. रस्त्यावरच्या उन्हाकडे बघत तिला त्या सगळ्यांचे चेहरे आठवले, आणि मान खाली घालावी असं वाटलं. लाजेने नव्हे, देवळात घालतात तशी.

"पान लावू का?" बिरुदेवनी विचारलं.

"लावा," ती म्हणाली. ती एरवी पान खात नसे.

संध्याकाळी वर्गात तिने उत्कर्षाला सगळं सांगितलं. आता इथं येणं बंद करावं, असं ती मनाशी ठरवून आली होती. उत्कर्षाने धीरबीर काही दिला नाही. शेजारी बसली आणि म्हणाली, "दाखवा, तिला काय सांगितलं होतं ते."

दोघींनी मोबाइलवर ते वाचलं. ईरम्माने मेसेज दिला होता, रकाने सांगितले होते, नमुना दिला होता.

"माहीत नसेल तिथं काय कर, हे सांगितलं का?"

"नाय."

"मग ती भरणारच, काकू. रिकामी जागा दिसली की ती काहीतरी छान भरून टाकती. खोटेपणा म्हणून नाही. तिला तसंच वळण हाय. बाकीच्या दोन ऑर्डरींत फ्रॉक होते ना? तिनं म्हटलं, इथंही फ्रॉकच असतील."

"आणि मला तसंच आठवलं म्हणून मी गप बसले."

"व्हय."

ईरम्मा हळूच म्हणाली, "ही माझ्याच वळणावर गेलीय."

उत्कर्षा जोरात हसली, इतकी की पुढच्या बाकावरची मुलं वळून बघायला लागली. मग दोघींनी मिळून सूचना नव्याने लिहिल्या. मेसेजात जे म्हटलं असेल तेवढंच भर. नसेल ते रिकामं सोड आणि तो चौकोन पिवळा कर. प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या वाक्यावरून लिहिली ते दे. 'मागच्यासारखं' असं आलं तर अंदाज करू नको. शेवटी, गिऱ्हाइकाला काय काय विचारायचं त्याचे प्रश्न काढ, त्याच्या भाषेत, अदबीने. ईरम्माने मानसिंगदादांचा तोच जुना मेसेज पुन्हा दिला. या वेळी जवळजवळ अख्खा तक्ता पिवळा आला. खाली नीट मांडलेले प्रश्न.

"आणि मेसेज स्वतःच्या कानानं परत ऐकायचा," उत्कर्षा म्हणाली. "ती उतरवताना चुकती कधी कधी, कन्नडमध्ये तर जास्तीच. कान तुमचाच पाहिजे."

मशीनचं काम इथं झालं. अवघड होतं ते पुढचं. प्रश्न लिहिलेले होते; ते तोंडाने विचारायचे होते. जुन्या गिऱ्हाइकाचा नंबर लावला की ईरम्माची जीभ टाळूला चिकटायची आणि ती नुसती खुशाली विचारून फोन ठेवून द्यायची. शेवटी गुरू म्हणाला, "माझ्यावर सराव कर की. मी गिऱ्हाईक." तो पाटावर ऐटीत बसला, हाताचा फोन करून कानाला लावला.

"हॅलो ईराक्का, चहा पाठवा. मागच्यासारखाच."

"शेठ, साखर किती घालू?"

"काय? एवढी वर्षं झाली लग्नाला, अजून साखर ठाऊक नाही तुला?"

"ठाऊक नाही, शेठ. माफ करा. किती घालू?"

गुरू हाताचा फोन खाली ठेवून जरा विचारात पडला. "खरं म्हणजे," तो म्हणाला, "मला कमी पाहिजे असती. तू लई गोड करतीस."

"मग कधी बोलला का नाही?"

"तू कधी विचारलं नाहीस की."

ईरम्माने त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून बाहेर टेम्पो पुसायला गेला.

संक्रांत झाली, तिच्याबरोबर भरणारी गड्ड्याची यात्रा उठली, आणि हंगाम तोंडावर आला. एके सकाळी ईरम्मा पुन्हा इंद्रजीतच्या कारखान्यात गेली. जागा अजून भरली नव्हती. दोघं-तिघं येऊन परीक्षा देऊन गेले होते. त्यांच्याविषयी विचार चालू आहे, असं दानेश्वरीने तिला पाणी देताना सांगितलं. ही जागा गेली तर दुसरीकडे तिच्या वयाला कोण उभं करणार, हे ईरम्माला कुणी सांगायची गरज नव्हती.

इंद्रजीतने दानेश्वरीच्या शेजारी तिला कॉम्प्युटरवर बसवलं. आदल्या दिवशीचे आवाजाचे मेसेज तिच्या पुढ्यात टाकले, वरची नावं काढून. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत तक्ता द्या," म्हणाला.

ईरम्माने कानाला हेडफोन लावला. कुणी मराठीत बोलत होतं, कुणी कन्नडमध्ये, एक जण दख्खनीत "आपा, वैसाइच भेजो" म्हणत होता. तिने एकेक मेसेज आधी स्वतः ऐकला, मग पोरगीच्या हाती दिला, मग आलेलं परत ऐकून ताडून पाहिलं. दोन ठिकाणी पोरगीने माप उतरवण्यात चूक केली होती. ती दुरुस्त केली. तक्ता तयार झाला तेव्हा त्यात जागोजागी पिवळं होतं.

इंद्रजीत मागे येऊन उभा राहिला. "हे एवढं पिवळं कशाचं?"

"तेवढं मला माहीत नाही, साहेब."

"आधीचे येऊन गेले, त्यांचे तक्ते पूर्ण भरलेले होते."

"भरता येतील की. मशीन आत्ता भरून देईल. पण मेसेजात ते कुणी बोललेलं नाही."

इंद्रजीतने दानेश्वरीकडे पाहिलं, दानेश्वरीने पडद्याकडे. "मग आता?" तो म्हणाला.

"विचारावं लागंल."

"जुन्या गिऱ्हाइकाला? मागचं काय म्हणून?" त्याच्या कपाळावर आठी पडली. धंद्यातली ती रीत या नव्या माणसालाही कुणीतरी शिकवलेली होती. "नाराज होतात ओ लोक. माल दुसरीकडनं घेतील."

ईरम्माला वाटलं, आता उठावं लागणार. बाहेर कुणीतरी गठ्ठा आपटला. इंद्रजीतने एका मेसेजवर बोट ठेवलं. "हा विचारून दाखवा. अफझलपूरचा. लई तऱ्हेवाईक हाय." आणि नंबर लावून फोन तिच्या हातात दिला.

मेसेजातला आवाज कुणा तरुणाचा होता, पण पलीकडचं खाकरणं तिने ओळखलं. अफझलपूरचे सिद्धप्पा. मालकांच्या वेळेपासूनचे, कारखाना बंद झाल्यापासून इंद्रजीतकडून माल घेणारे. तिने कन्नडमध्ये नमस्कार केला, आणि तिकडून "यारु? ईराक्का?" कोण, ईराक्का का, असा आनंदाचा आवाज आला. सिद्धप्पा बोलत सुटले. इतके दिवस कुठं होतीस, मालक कसे आहेत, तुझा आवाज जरा बसलाय का. ईरम्मा हं हं करत होती. मग ते म्हणाले, चला, आता तू आहेस म्हणजे चिंताच नाही, मागच्यासारखंच पाठव, तुला तर सगळं ठाऊक आहे.

तिने डोळे मिटले. "सिद्धप्पण्णा," ती म्हणाली, "ननग गोत्तिल्ल री."

मला माहीत नाही हो. आईच्या भाषेतले साधे शब्द. लहानपणी शाळेत ते म्हटल्यावर मार मिळायचा, आणि त्यानंतर तिने ते कुणापाशीच म्हटले नव्हते.

इंद्रजीत तिच्या तोंडाकडे बघत होता. मग सिद्धप्पांनी एक मोठा उसासा सोडला आणि सावकाश बोलू लागले. ते सांगत होते की बरीच वर्षं झाली, शाळेतली मोठी मुलं कमी झालीत, लहान वाढलीत. दर वर्षी मोठ्या मापांचे गठ्ठे उरतात आणि माळ्यावर पडून राहतात. बायको म्हणते, सांगा की त्यांना. पण ते लोक इतकं प्रेमाने न विचारता पाठवतात, त्यांना कसं सांगायचं? त्यांना वाईट वाटेल. म्हणून गप बसलो. आता विचारलंसच तर थांब, मुलाला बोलावतो, नीट मोजून सांगतो.

ईरम्मा फोन धरून बसली. एका बाजूला आपण विचारत नव्हतो, तो रागावेल म्हणून. दुसऱ्या बाजूला तो सांगत नव्हता, आपण दुखावू म्हणून. मधे माळा भरत होता. तोवर मुलगा फोनवर आला होता आणि मापं सांगू लागला होता. तिने लिहायला घेतलं. इंद्रजीतला कन्नड कळत नव्हतं. त्याला दिसत होतं ते एवढंच, की पिवळे चौकोन एकामागून एक पांढरे होत आहेत आणि त्यांतले आकडे मागच्या ऑर्डरीपेक्षा वेगळे आहेत.

फोन ठेवण्याआधी सिद्धप्पांनी तो परत आपल्या हातात घेतला. सरत्या हिवाळ्यात आमच्याकडच्या जत्रेला ये, असं आमंत्रण दिलं, आणि पोरांच्या स्वेटरची एक नवी ऑर्डर सांगितली, जी ते आजवर दुसऱ्याकडे देत होते.

"काय म्हणाले?" इंद्रजीतने विचारलं. "चिडले का?"

"नाय. स्वेटर पण पाहिजेत म्हणाले."

इंद्रजीतने खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला. तक्ता वरपासून खालपर्यंत पुन्हा बघितला. प्रत्येक ओळीपुढचं वाक्य वाचलं. मग दानेश्वरीला म्हणाला, "तू पण असंच सुरू कर. काकू सांगतील कसं ते." आणि ईरम्माकडे न बघता, पडद्याकडेच बघत, "सोमवारपासून या. हंगामापुरतं नाही, कायमचंच धरा."

ईरम्माने पदर सावरला. उभी राहिली. "आभारी आहे, साहेब," ती म्हणाली, आणि तेवढ्याने भागलं नाही असं वाटून परत म्हणाली, "लई आभारी आहे." मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज फुटला. तिच्या डोळ्यांपुढे पंख्याखालची जागा दाखवणारी उत्कर्षा होती, कुडत्याचा फोटो काढायला शाळेत गेलेले मानसिंगदादा होते, फर्म्यांची ती भिंत होती, आणि पाटावर ऐटीत बसलेला गुरू. त्यांतलं कुणीच त्या खोलीत नव्हतं. समोर इंद्रजीत होता, म्हणून सगळ्यांचे आभार त्या एकट्याला मिळत होते.

"अहो काकू, असू द्या की," तो पार गोंधळून म्हणाला. "त्यात काय एवढं?" आणि काय करावं ते न सुचल्यामुळे उठून त्याने पंखा मोठा केला.